पाच अँपिअरचा खटका

सोलेनॉइड हातात आला की सगळ्यात आधी मल्टिमीटर काढावा. कॉइलच्या दोन्ही वायरींना मीटरची टोकं लावून रोध मोजावा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावरून निघतात.

आपण एक उदाहरण घेऊ. पट्ट्यावरून मसाल्याची पाकिटं येताहेत. वजनात कमी भरलेलं पाकीट दिसलं की ते बाजूला ढकलायचं आहे. ढकलण्यासाठी १२ व्होल्टचा सोलेनॉइड बसवला आहे: तांब्याच्या तारेची जाड गुंडाळी, तिच्या पोकळीत सरकणारा लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, आणि दांड्याला परत जागेवर आणणारी स्प्रिंग. हुकूम देणारा आहे आर्डुइनो उनो, म्हणजे त्याच्यावरचा एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर. मीटर लावल्यावर कॉइलचा रोध भरतो २.४ ओहम. ओहमच्या नियमानं करंट झाला ५ अँपिअर आणि कॉइलमध्ये जिरणारी शक्ती ६० वॅट. एवढी उष्णता ही गुंडाळी सतत सोसू शकत नाही. म्हणून अशा सोलेनॉइडवर १० टक्के, २५ टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं. एकूण वेळेच्या तेवढाच भाग त्याला चालू ठेवायचा, बाकीचा वेळ निवू द्यायचं.

पाच अँपिअर हा आकडाही कायमचा नव्हे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. हाच सोलेनॉइड गाडीवर बसवला, थंडीच्या सकाळी तापमान १० अंशांवर असलं आणि इंजिन चालू असल्यामुळे बॅटरीवर १४.४ व्होल्ट असले, तर करंट सहा अँपिअरच्याही वर जातो. उलट काम करून करून कॉइल ८० अंशांनी तापली की रोध ३.१५ ओहमच्या आसपास पोचतो आणि करंट उरतो ३.८ अँपिअर. दांड्यावरची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ती जवळपास ४० टक्क्यांनी घटते. सकाळी जोमात चालणारं यंत्र दुपारी पाकिटं अर्धवट ढकलू लागतं ते यामुळे, आणि लोक मात्र प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. ट्रान्झिस्टर निवडताना थंड कॉइलचा करंट धरावा, ओढ पुरेल की नाही हे तपासताना तापलेल्या कॉइलचा.

आता दुसरं टोक पाहू. एटीमेगाच्या एका पिनमधून आरामात २० मिलिअँपिअर घेता येतात. ४० मिलिअँपिअर ही त्याची शेवटची हद्द. तिथवर जाऊ नये. म्हणजे एका बाजूला २० मिलिअँपिअर, दुसऱ्या बाजूला ५ अँपिअर. मधलं अंतर अडीचशे पटींचं आहे आणि ते ट्रान्झिस्टरनं भरून काढायचं आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन कुणी ‘पाच अँपिअरचा ट्रान्झिस्टर द्या’ म्हटलं, तर दुकानदार काही ना काही देणारच, आणि त्यावर पाच किंवा त्याहून मोठा आकडा असणारही. माझ्या मते चुकीची सुरुवात या मागणीपासूनच होते. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला कमाल करंट हा निवडीचा निकष नाही. त्या करंटला ट्रान्झिस्टर वितळत नाही, एवढंच तो सांगतो. तेही कंपनीनं गृहीत धरलेल्या थंडाव्यात आणि गृहीत धरलेल्या इशाऱ्यावर. विचारायचं ते असं: माझ्याकडे असलेल्या इशाऱ्यावर, माझ्या करंटला, या ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट शिल्लक राहतील? कारण उष्णता ठरते ती त्या शिल्लक व्होल्टेजवर.

ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असतो तेव्हा त्याच्यावर १२ व्होल्ट असतात, पण करंट शून्य. गुणाकार शून्य, उष्णता शून्य. पूर्ण उघडा असतो तेव्हा करंट ५ अँपिअर, पण व्होल्टेज नाममात्र. उष्णता थोडी. अर्धवट उघडा असला की पंचाईत. ६ व्होल्ट कॉइलवर, ६ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर, करंट अडीच अँपिअर; म्हणजे १५ वॅट ट्रान्झिस्टरच्या अंगात. टीओ-२२० या नेहमीच्या आकाराचा ट्रान्झिस्टर हीटसिंकशिवाय ठेवला तर आतली सिलिकॉनची चकती दर वॅटला साधारण ६२ अंशांनी तापते. १५ वॅटला काय होईल याचं गणित मांडायलाही नको. स्विच म्हणून वापरायच्या ट्रान्झिस्टरनं मधल्या अवस्थेत राहूच नये, ही त्याच्याकडून पहिली आणि सगळ्यात मोठी अपेक्षा.

या अपेक्षेवर आता एकेकाला तपासून पाहू.

बीसी ५४७ सगळ्यांच्या डब्यात असतो. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. पाच अँपिअरसाठी त्याचं नावही काढू नये. त्याच्याकडे आपण पुढे वेगळ्या कामासाठी येऊ.

२एन ३०५५ हा धातूच्या टोपीचा जाडजूड ट्रान्झिस्टर जुन्या अँप्लिफायरमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये अनेकांनी पाहिला असेल. कमाल करंट १५ अँपिअर, म्हणजे आपल्या गरजेच्या तिप्पट. पहिलं पान वाचून थांबणारा माणूस हाच उचलेल. पण हा बायपोलर जातीचा. कलेक्टरमधून करंट हवा असेल तर बेसमध्ये करंट ओतावा लागतो. बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो तो त्याचा गेन. ४ अँपिअरला याचा गेन २० ते ७० च्या दरम्यान, आणि पूर्ण उघडायचा तर डेटाशीटच दहास एक हे प्रमाण धरतं. म्हणजे ५ अँपिअरसाठी बेसला अर्धा अँपिअर. आपल्या पिनकडे आहेत २० मिलिअँपिअर. तेवढ्यावर हा अर्धवट उघडेल आणि तापत राहील. ट्रान्झिस्टर दणकट आहे, पण त्याला उघडण्याएवढं बळ आपल्या पिनमध्ये नाही.

यावरचा जुना तोडगा म्हणजे डार्लिंग्टन जोडी. बेल लॅबमधले सिडनी डार्लिंग्टन यांनी एका ट्रान्झिस्टरचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला जोडला. १९५३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. दोघांच्या गेनचा गुणाकार होतो. टीआयपी १२२ मध्ये ही जोडी एकाच आवरणात बसवलेली आहे: ३ अँपिअरला गेन किमान हजार, कमाल करंट ५ अँपिअर, कमाल व्होल्टेज १००. किंमत अगदी थोडी. पिनला एक किलोओहमच्या आसपासचा रोधक लावून तो बेसला जोडला की खटका चालतो. कित्येक वर्षं छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणारे सगळे जण हेच करत आले.

पण शिल्लक व्होल्टेज पाहा. ३ अँपिअरला या जोडीवर २ व्होल्टपर्यंत राहू शकतात, आणि ५ अँपिअरला डेटाशीट ४ व्होल्टपर्यंतची मुभा घेतं. एकावर एक दोन ट्रान्झिस्टर असल्यामुळे हे व्होल्टेज कमी होतच नाही, बेसला कितीही करंट द्या. आपल्या सर्किटमध्ये सव्वादोन व्होल्ट ट्रान्झिस्टरवर गेले असं धरलं, तर कॉइलला मिळतात पावणेदहा, आणि करंट होतो साधारण ४.१ अँपिअर. ट्रान्झिस्टरमध्ये ९ वॅट जिरतात. मोठा हीटसिंक अटळ. त्याहून वाईट गोष्ट अशी की ओढ करंटच्या वर्गानं घटते. ४.१ भागिले ५, त्याचा वर्ग, म्हणजे ०.६७. सोलेनॉइडची एक तृतीयांश ताकद ट्रान्झिस्टरनंच खाल्ली. पाकीट ढकललं जात नाही म्हणून माणूस मोठा सोलेनॉइड आणतो, तो आणखी करंट ओढतो, ट्रान्झिस्टर आणखी तापतो. या चक्रात अडकलेली यंत्रं मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी उपाय सोलेनॉइड बदलण्याचा नव्हता, ट्रान्झिस्टर बदलण्याचा होता. अर्ध्या-पाऊण अँपिअरच्या रिलेसाठी किंवा छोट्या पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी टीआयपी १२२ खुशाल वापरावा. १२ व्होल्टवर पाच अँपिअरसाठी मी तो वापरणार नाही.

उरला मॉसफेट. याचं मूळही बेल लॅबमध्येच आहे. मोहम्मद अटाला आणि दावॉन कांग यांनी १९५९ मध्ये तो करून दाखवला. मोठा करंट पेलणारे मॉसफेट सर्वसामान्यांच्या हाती यायला मात्र सत्तरीचं दशक संपत यावं लागलं. इंटरनॅशनल रेक्टिफायर या अमेरिकी कंपनीनं त्यात मोठं नाव कमावलं. आज आपण ‘आयआरएफ’नं सुरू होणारे नंबर वाचतो त्यातली पहिली दोन अक्षरं या कंपनीची. पुढे २०१५ मध्ये ती इन्फिनिऑननं विकत घेतली, पण नंबर तेच राहिले.

मॉसफेटच्या गेटला करंट लागत नाही, व्होल्टेज लागतं. गेट आणि आतली चकती यांच्यामध्ये काचेसारख्या ऑक्साइडचा पातळ थर असतो; गेटवर विद्युतभार साठला की खाली वाट उघडते आणि ड्रेनपासून सोर्सपर्यंत करंट वाहतो. पूर्ण उघडलेला मॉसफेट म्हणजे एक अगदी छोटा रोध. डेटाशीटमध्ये हा चालू अवस्थेतला रोध मिलिओहममध्ये दिलेला असतो. बायपोलरसारखा व्होल्टचा ठरावीक तुकडा तो गिळत नाही.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. आयआरएफझेड ४४एन घ्या. ५५ व्होल्ट, ४९ अँपिअर, चालू रोध १७.५ मिलिओहम. पाच अँपिअरला हवं तरी काय याहून जास्त? डेटाशीटमध्ये ‘थ्रेशोल्ड व्होल्टेज २ ते ४ व्होल्ट’ असंही छापलेलं. आपली पिन ५ व्होल्ट देते, म्हणजे जमलंच, असं वाटतं. पण त्या थ्रेशोल्डच्या ओळीत उजवीकडे बारीक अक्षरांत एक अट आहे: करंट २५० मायक्रोअँपिअर. म्हणजे गेटवर एवढं व्होल्टेज आलं की मॉसफेटमधून पाव मिलिअँपिअर जायला लागतो. पूर्ण उघडणं तर लांबच, ही त्याची नुसती किलकिल. आणि १७.५ मिलिओहमच्या ओळीतली अट वाचली तर तिथे लिहिलेलं आहे: गेटवर १० व्होल्ट. पाच व्होल्टला काय रोध असेल याची हमी कंपनीनं दिलेलीच नाही. एखादा नग बरा निघेल, पुढचा अर्धवट उघडेल. टेबलावर एक नग चालला म्हणून दहा यंत्रांत दहा नग बसवले की त्यातले दोन-तीन तापायला लागतात, आणि का ते कळत नाही.

आर्डुइनोसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, आयआरएफ ५२० बसवलेल्या छोट्या लाल पाट्या ही याचीच पुढची पायरी. ५२० चा कमाल करंट ९.२ अँपिअर. चालू रोध ०.२७ ओहम, तोही गेटवर १० व्होल्ट दिल्यावर. पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले ०.२७, म्हणजे पावणेसात वॅट. गेटला हवं तेवढं व्होल्टेज दिलं तरी हीटसिंकशिवाय तो टिकणार नाही; आपण तर निम्मंच देतो आहोत. शिकणाऱ्या मुलांच्या हाती ही पाटी ‘मोठ्या करंटचा स्विच’ म्हणून पडते याचं मला खरोखर वाईट वाटतं. मूल गणित बरोबर करतं, वायरी बरोबर जोडतं, आणि तरीही पाटी चटका देते.

आपल्याला हवा तो ‘लॉजिक लेव्हल’ मॉसफेट, म्हणजे पाच व्होल्टच्या इशाऱ्यावर पूर्ण उघडेल अशी कंपनीची लेखी हमी असलेला. इंटरनॅशनल रेक्टिफायरच्या नंबरांत ‘आयआरएफ’ऐवजी ‘आयआरएल’ आलं की तो या जातीचा. आयआरएलझेड ४४एन: ५५ व्होल्ट, ४७ अँपिअर, आणि गेटवर ५ व्होल्ट असताना रोध जास्तीत जास्त २५ मिलिओहम. त्याच्यावर शिल्लक राहतात ५ गुणिले ०.०२५, म्हणजे ०.१२५ व्होल्ट. उष्णता ०.६२ वॅट. बासष्टनं गुणलं की तापमानवाढ ३९ अंश. डेटाशीटच्या आलेखांत आणखी एक गोष्ट सापडेल: चकती तापली की हा रोध दीडपटीच्या आसपास जातो. तोही हिशेबात धरू. वाढ होईल ५८ अंश. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद पेटीच्या आत ६० अंश धरले तरी चकती ११८ अंशांवर थांबते. तिची मर्यादा १७५. हीटसिंक लागला नाही, कॉइलला जवळपास पूर्ण १२ व्होल्ट मिळाले, आणि पिनवर भार काहीच नाही.

पिन ३.३ व्होल्टची असेल, जशी ईएसपी ३२ किंवा रास्पबेरी पाय यांची असते, तर मात्र हाच नग नको. त्याच्या रोधाची हमी ४ व्होल्टपर्यंत येऊन थांबते. तेव्हा गेटवर अडीच व्होल्टलाही हमी देणारा मॉसफेट शोधावा. असे नग बहुधा २०–३० व्होल्टचे आणि आकारानं अगदी लहान असतात, त्यामुळे उष्णता पाटीवरच्या तांब्यात पसरवावी लागते. नाहीतर मधे गेट ड्रायव्हर घालावा, टीसी ४४२७ सारखा, जो पिनचा छोटा इशारा घेऊन गेटला १२ व्होल्ट देतो. काही जण पैसे वाचवायला ड्रायव्हरऐवजी बीसी ५४७ आणि एक रोधक लावतात. चालतं, पण इशारा उलटा होतो: बीसी ५४७ बंद असला की गेट १२ व्होल्टला ओढलं जातं आणि सोलेनॉइड चालू होतो. मायक्रोकंट्रोलर सुरू होत असताना त्याच्या पिना काही क्षण कुणाच्याच ताब्यात नसतात. तेवढ्यात दांडा दाणकन पुढे येतो. जिथे माणसाचं बोट असू शकतं अशा यंत्रात ही जोडणी मी कधीच करू देणार नाही. असंच करायचं असेल तर दोन बीसी ५४७ लावून इशारा पुन्हा सुलटा करावा.

थेट जोडणीतही गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा एक रोधक हवाच. गेट हा मुळात कपॅसिटर आहे. वायर निघाली तरी साठलेला भार तिथेच राहतो, बोट लागलं तरी नवा भार चढतो, आणि सोलेनॉइड आपल्या मर्जीनं चालू राहतो. दहा किलोओहम तो भार निमूटपणे ग्राउंडला उतरवतो. पिन आणि गेट यांच्यामध्ये दोनशे ओहमच्या आसपासचा दुसरा एक रोधक घातला की गेट भरताना पिनमधून निघणारा क्षणिक करंटही आटोक्यात राहतो. हे दोन रोधक मिळून काही पैशांचे असतात.

चालू करण्याचा प्रश्न मिटला. बंद करताना काय होतं ते अजून पाहायचं आहे, आणि मॉसफेट मरतात ते जास्त करून तिथे.

कॉइलमधला करंट म्हणजे उताराला लागलेली भरलेली मालगाडी. ब्रेक दाबला म्हणून ती जागच्या जागी थांबत नाही. आधी तिच्यातली ऊर्जा कुठेतरी जावी लागते. आपल्या कॉइलचं इंडक्टन्स, दांडा आत ओढलेला असताना, १० मिलिहेन्री धरू. पाच अँपिअरला चुंबकक्षेत्रात साठलेली ऊर्जा होते ०.१२५ ज्यूल. मॉसफेट एका मायक्रोसेकंदात वाट बंद करायला गेला तर कॉइल आपला करंट चालू ठेवण्यासाठी व्होल्टेज वाढवत नेते. सूत्रात आकडे घातले तर उत्तर येतं ५० हजार व्होल्ट. प्रत्यक्षात तिथवर काही पोचत नाही, कारण त्याआधीच ५५ व्होल्टच्या पुढे मॉसफेट बंद असूनही करंटला वाट देतो आणि तो झटका स्वतःच्या अंगावर घेतो.

हाच झटका मोटारगाडीत मुद्दाम वापरतात. चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडिलॅकसाठी बसवलेल्या इग्निशनमध्ये कॉइलचा करंट एका यांत्रिक पॉइंटनं तोडायचा आणि उसळलेल्या व्होल्टेजनं स्पार्क प्लगवर ठिणगी पाडायची. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरमध्येही पॉइंट असत. गाडी सुरू होईना की मेकॅनिक पॉइंट घासायचा आणि ‘कंडेन्सर गेलाय’ म्हणायचा. कंडेन्सर गेला की जी ठिणगी प्लगवर पडायची ती पॉइंटवर पडून तो जळायचा. आपल्या सर्किटात त्या पॉइंटच्या जागी मॉसफेट आहे.

आता आयआरएलझेड ४४एनच्या डेटाशीटमध्ये एक दिलासा देणारी ओळ आहे. असा एखादा झटका, २१० मिलिज्यूलपर्यंत, तो सहन करू शकतो. आपली ऊर्जा १२५ मिलिज्यूल. म्हणून डायोड न लावताही टेबलावर सगळं नीट चालतं, आणि करणाऱ्याला वाटतं की डायोडची भानगड पुस्तकातच असते. पण त्याच डेटाशीटमध्ये खाली दुसरी ओळ आहे: असे झटके वारंवार बसणार असतील तर प्रत्येकी ११ मिलिज्यूल. आपण दर वेळी त्याच्या दहापटींहून जास्त देतो आहोत. यंत्र गिऱ्हाइकाकडे जातं, दिवसाला हजारो पाकिटं ढकलतं, आणि एक दिवस मॉसफेट जातो. नवा बसवला की तोही काही काळानं जातो. नग खराब लागला असं म्हणून माणूस दुकान बदलतो.

उपाय कॉइलच्या दोन टोकांवर उलटा डायोड. त्याच्यावर रंगीत पट्टी असलेली बाजू १२ व्होल्टकडे. मॉसफेट बंद झाला की कॉइलचा करंट या डायोडमधून गोल फिरतो आणि कॉइलच्याच रोधात जिरतो. त्या क्षणी डायोडमधून पूर्ण ५ अँपिअर जातात. १एन ४००७ एका अँपिअरचा असला तरी ३० अँपिअरपर्यंतचा क्षणिक लोंढा सोसतो, त्यामुळे अधूनमधून चालणाऱ्या सोलेनॉइडला तो पुरतो. सतत ठोकाठोकी असेल तर तीन अँपिअरचा १एन ५४०८ बरा.

पण आपल्या पट्ट्यावर आणखी एक अडचण आहे. डायोडमधून फिरणारा करंट लवकर ओसरत नाही. वरचे आकडे धरले तर तो शून्यावर यायला १२ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ दांडा धरून ठेवला जातो. मागचं पाकीट जवळ असेल तर परत येणारा दांडा त्याला अडवतो. इथे डायोडच्या जोडीला, त्याच्याशी एकसरीत, २४ व्होल्टचा झेनर किंवा त्याच व्होल्टेजचा टीव्हीएस डायोड लावावा. कॉइलसमोर आता पाऊण व्होल्टऐवजी पंचवीस व्होल्टचा अडसर उभा राहतो आणि करंट दोन मिलिसेकंदांच्या आत संपतो. याची किंमत मॉसफेट भरतो: बारा अधिक पंचवीस, म्हणजे बंद होताना त्याच्यावर ३७ व्होल्ट येतात. ५५ व्होल्टचा नग ते पेलतो. ३० व्होल्टचा पेलणार नाही. १२ व्होल्टच्या कामाला ५५ व्होल्टचा मॉसफेट कशाला, याचं उत्तर इथे मिळतं. झेनर मात्र दणकट हवा. सेकंदाला दहा ठोके पडले तर सव्वा वॅटच्या आसपास उष्णता त्याच्या वाट्याला येऊ शकते. अर्ध्या वॅटचा चिमुकला झेनर पहिल्याच तासात जळेल.

दांडा बराच वेळ ओढून धरायचा असेल, जसं दाराच्या कुलपात, तर पूर्ण करंट चालू ठेवू नये. दांडा आत गेला की लोखंडांमधली हवेची फट मिटते आणि धरून ठेवायला बराच कमी करंट पुरतो. पहिले शंभर मिलिसेकंद पूर्ण, नंतर मॉसफेट वेगानं चालू-बंद करून सरासरी कमी. अमेरिकेतल्या जुन्या पिनबॉल यंत्रांत हेच काम दोन गुंडाळ्या करत: एक जाड तारेची, ठोसा मारायला; दुसरी बारीक तारेची, धरून ठेवायला; आणि फ्लिपर पूर्ण उचलला की एक छोटा स्विच जाड गुंडाळी तोडायचा. आज ते काम प्रोग्रॅम करतो. पण सेकंदाला वीस हजार वेळा चालू-बंद करायचं तर मॉसफेट प्रत्येक वेळी त्या अर्धवट अवस्थेतून जातो, आणि २० मिलिअँपिअरची पिन गेट भरायला मायक्रोसेकंदाहून जास्त वेळ घेते. तेवढ्यानंच एक-दोन वॅट वाढतात. तेव्हा गेट ड्रायव्हर घ्यावा, आणि डायोड शॉटकी जातीचा. १एन ४००७ एवढ्या वेगाला जागत नाही.

जोडणीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. पाच अँपिअरची वाट आणि मायक्रोकंट्रोलरची वाट पॉवर सप्लायपासूनच वेगळी निघाली पाहिजे. ग्राउंड दोघांचं एकच, पण ते सप्लायपाशी भेटावं. ब्रेडबोर्डच्या भोकांतून पाच अँपिअर नेऊ नयेत. तिथले चिमटे एखाद्या अँपिअरपुरतेच असतात. सोलेनॉइड चालू झाला की आर्डुइनो रीसेट होतो, ही तक्रार बहुतेक वेळा या सामाईक वायरीची असते. गाडीवर काम असेल तर आणखी एक विचार: तिथे सगळी बॉडीच ग्राउंड असते. मॉसफेट ग्राउंडच्या बाजूला असताना सोलेनॉइडकडून परत येणाऱ्या वायरीचं इन्सुलेशन कुठे सोललं आणि ती पत्र्याला टेकली, तर मॉसफेटला न विचारता सोलेनॉइड चालू होतो. म्हणून वाहनांत शक्यतो खटका पॉझिटिव्हच्या बाजूला ठेवतात.

सगळं जोडून झालं की मीटर पुन्हा काढावा. सोलेनॉइड चालू असताना ड्रेन आणि सोर्स यांच्यातलं व्होल्टेज मोजावं, थेट मॉसफेटच्या पायांवर. आपल्या हिशेबानं ते सव्वाशे मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तर गेटला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, किंवा नग त्याच्यावर छापलेल्या नंबराचा नाही. नंबर खोडून दुसरा छापलेले नग बाजारात असतात, आणि ते ओळखण्याची यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

शेवटचा धोका मॉसफेट जाण्याच्या पद्धतीत आहे. तो जळाला की बहुतेक वेळा त्याच्यातली वाट तुटत नाही, तो आतून शॉर्ट होतो. म्हणजे सोलेनॉइड चालू तो चालूच. फ्यूज इथे मदतीला येत नाही, कारण कॉइल नेहमीचेच पाच अँपिअर घेते आहे. फ्यूजच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नाही. पण २५ टक्क्यांसाठी बनवलेली गुंडाळी सतत ६० वॅट जिरवू लागली की आधी तिचं इन्सुलेशन वितळतं आणि मग धूर येतो. म्हणून कॉइलला चिकटवून एक थर्मल कटऑफ बसवावा, जो ठरलेल्या तापमानाला वाट तोडतो. यंत्र रात्री एकटं चालणार असेल तर त्याशिवाय १२ व्होल्टच्या वाटेत एक रिले घालावा आणि ड्रेनची एक वायर, दोन रोधकांनी व्होल्टेज उतरवून, मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या पिनला परत आणावी. बंदचा हुकूम दिल्यानंतर कॉइल ओसरायला पन्नासेक मिलिसेकंद थांबून ती पिन वाचायची. तिथे १२ व्होल्टच्या प्रमाणातलं व्होल्टेज दिसलं नाही, तर मॉसफेट शॉर्ट आहे असं समजून रिले सोडून द्यायचा.